गिलाव्याखालची वीट

व्हिएन्ना शहराविषयी जे टीकालेखन झाले आहे, त्यात आडोल्फ लोस याचा एक लेख आकाराने अगदी लहान आणि परिणामाने फार मोठा ठरला. १८९८ च्या जुलै महिन्यात ‘व्हेर साक्रुम’ या मासिकात तो आला. नाव होते ‘पोटेम्किनचे शहर’. रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिचे डोळे निववावेत म्हणून पोटेम्किन या तिच्या मर्जीतल्या सरदाराने ओसाड माळावर कापडाची आणि पुठ्ठ्याची खोटी गावे उभी केली, ही दंतकथा सर्वांना ठाऊक आहे. लोसचे म्हणणे असे, की ती गावे पाहायला युक्रेनपर्यंत जायला नको. रिंगस्ट्रासवरून एक फेरी मारली तरी तोच अनुभव येतो. दोन्ही बाजूंना इटलीतल्या सरदारांचे प्रासाद दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर ते भाड्याच्या खोल्यांचे इमले निघतात, आणि ज्याला आपण दगड समजलो ते साच्यात ओतून भिंतीला ठोकलेले सिमेंट असते.

सव्वाशे वर्षे हा लेख वाचला जातो आहे. रिंगस्ट्रासवर पुढे जे कोणी लिहिले त्यातल्या बहुतेकांनी लोसचा आरोप कमीअधिक फरकाने मान्य केला: हा रस्ता देखणा आहे, पण खोटा आहे. दर्शनी भाग एक सांगतो, आतली वस्तू दुसरीच आहे. या आरोपाशी माझे भांडण नाही. तो खराच आहे. पण तो वाचताना दर वेळी एक प्रश्न मागे उरतो. गिलावा खोटा होता हे समजले. मग त्या गिलाव्याखाली खरे काय होते? उत्तर सोपे आहे. खाली वीट होती. ती वीट कोणी पाडली, कुठे भाजली आणि तिचे पैसे कोणाला मिळाले, हे या रस्त्याच्या तीन मोठ्या टीकाकारांपैकी कोणालाच विचारावेसे वाटले नाही. लोसला तर ते सहज सुचायला हवे होते. तो मोराव्हियातल्या ब्रनो गावचा, पाथरवटाचा मुलगा. विटा पाडणारे मजूरही बहुतांशी बोहेमिया-मोराव्हियातूनच आलेले होते.

आधी रस्त्याची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. १६८३ साली तुर्कांचा वेढा उठल्यानंतरही व्हिएन्नाभोवतीचा तट, खंदक आणि त्यापुढची मोकळी पट्टी शाबूत राहिली. शत्रू आला तर त्याला आडोसा मिळू नये म्हणून ती जागा रिकामी ठेवलेली होती. तुर्क पुन्हा आले नाहीत. पट्टीवर झाडे लागली, लोक संध्याकाळी फिरायला येऊ लागले. १८४८ चे बंड झाल्यावर मात्र सेनापतींना तटाचा नवा उपयोग दिसला. आता शत्रू बाहेरचा नव्हता, तो उपनगरांत राहत होता. म्हणून तट पाडायला लष्कराचा विरोध होता. अखेर २० डिसेंबर १८५७ रोजी सम्राट फ्रान्झ योझेफ याने गृहमंत्री आलेक्झांडर बाख याला पत्र लिहून तट पाडण्याचा हुकूम दिला, आणि नाताळच्या दिवशी तो सरकारी वृत्तपत्रात छापून आला. स्पर्धा जाहीर झाली, ८५ आराखडे आले. लष्करालाही त्याचे माप मिळाले. रस्ता रुंद, म्हणजे अडथळे रचायला गैरसोयीचा, आणि टप्प्याटप्प्यावर बराकी. १ मे १८६५ रोजी सम्राटाने रस्त्याचे उद्घाटन केले तेव्हा दुतर्फा निम्म्याहून अधिक जागा रिकामीच होती. सत्तावन्न मीटर रुंद आणि नदीकाठचा धक्का धरून पाच किलोमीटरहून थोडा जास्त लांब असा तो पट्टा भरायला पुढची चाळीसएक वर्षे लागली.

(मराठी वाचकाला ही गोष्ट अगदीच परकी वाटू नये. त्याच दशकात बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या फोर्टचा तट पडला आणि मोकळ्या जागेवर गॉथिक इमारतींची रांग उभी राहिली. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचे, म्हणजे ऐन त्या धामधुमीतले.)

पैशाची व्यवस्था कशी होती हे नीट पाहण्यासारखे आहे. तटाखालची आणि पट्टीवरची जमीन विकायची, आलेला पैसा एका स्वतंत्र निधीत जमा करायचा आणि त्यातून ऑपेरा, संग्रहालये, नाट्यगृह अशा सार्वजनिक इमारती बांधायच्या. जमीन घेणाऱ्यांना करात सवलत. घेणारे कोण? बँकवाले, कारखानदार, घाऊक व्यापारी; त्यांत नुकतेच हक्क मिळालेले ज्यू कुटुंबप्रमुख बरेच. एफ्रुसी, टोडेस्को, एप्स्टाइन ही नावे आजही त्या प्रासादांना चिकटून आहेत. जुन्या सरदारांचे वाडे आत, जुन्या शहरात होते. रिंगस्ट्रास हा नव्या पैशाचा रस्ता होता, आणि नव्या पैशाला जुने कपडे हवे होते. घरे पाच-सहा मजली, खाली दुकाने, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर मालक किंवा धनिक भाडेकरू, वर चढावे तशी खिडक्यांची उंची कमी, नक्षी कमी, भाडेही कमी. बाहेरून मात्र सगळे मिळून एकच राजवाडा. संसदेला ग्रीक रूप, नगरपालिकेला गॉथिक, विद्यापीठाला रेनेसान्स. लोकशाही ग्रीसमधून आली, नागरी स्वायत्तता मध्ययुगातून आणि विद्या मानवतावादातून, असा तो हिशेब. जणू एखाद्या नाटक कंपनीने ऐतिहासिक पोशाखांची पेटी उघडून ज्याला जो बसेल तो चढवला होता.

टीकेचे पहिले मोठे प्रकरण मात्र लोसच्या तीस वर्षे आधीचे आहे, आणि ते टीकाकाराने वाचून थोडे गप्प बसावे असे आहे. ऑपेराची इमारत एदुआर्द फान डेर न्यूल आणि आउगुस्ट झिकार्ड्सबुर्ग या दोन मित्रांनी रचली. काम सुरू झाल्यावर समोरच्या रस्त्याची पातळी सुमारे मीटरभर उंच केली गेली. त्यांचा यात काही दोष नव्हता. पण इमारत जमिनीत रुतल्यासारखी दिसू लागली आणि शहराला थट्टेला विषय मिळाला. तिला बुडालेली पेटी म्हणू लागले. १८६६ साली क्योनिगग्रेट्झच्या रणांगणावर प्रशियाकडून ऑस्ट्रियाचा पराभव झाला होता. ऑपेरा म्हणजे स्थापत्यातले क्योनिगग्रेट्झ, असेही कोणी म्हणाले. ४ एप्रिल १८६८ रोजी फान डेर न्यूलने गळफास घेतला. झिकार्ड्सबुर्ग आधीच आजारी होता. जूनमध्ये तोही गेला. २५ मे १८६९ रोजी मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ने ऑपेरा उघडला तेव्हा रचनाकारांपैकी कोणी हयात नव्हते. त्यानंतर सम्राट प्रत्येक समारंभात ‘फार सुंदर होते, मला फार आनंद झाला’ एवढेच बोलू लागला, असे सांगतात. ती आख्यायिका असेल. पण दिसण्यावरच्या टीकेला त्या शहरात किती वजन होते, हे तिच्यातून कळते. रस्त्याची पातळी बदलणाऱ्या कचेरीला कोणी टोपणनाव दिले नाही.

१८८९ साली कामिलो झिट्टे याचे नगररचनेवरचे पुस्तक आले. झिट्टेला खोटेपणाचा राग नाही, रिकामेपणाचा आहे. जुन्या इटालियन गावांतले चौक चहूबाजूंनी बंदिस्त, माणसाला कुशीत घेणारे. रिंगस्ट्रासवर मात्र एकेक इमारत मैदानात एकटी उभी आणि मधून वाहनांचा ओघ. मोकळ्या जागेची भीती वाटण्याचा एक नवा मानसिक आजार वैद्यांनी तेव्हा नोंदवला होता. झिट्टेने तो आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा केला. फोटिफकिर्श या देवळासमोरच्या मैदानावर इमारती बांधून ते बंदिस्त करावे, अशी त्याची सूचना होती. ओटो वाग्नर उलट दिशेचा. रुंद सरळ रस्ता आणि वेग हीच आधुनिक माणसाची गरज, असे त्याचे मत. आक्षेप फक्त जुन्या शैलींच्या उसनवारीवर. रिंगजवळची त्याची टपाल बचत बँक (१९०४ ते १९०६) या मताचा उत्तम नमुना आहे. दगडी पत्रे भिंतीवर बोल्टने बसवलेले दिसतात आणि त्या बोल्टांची अॅल्युमिनियमची टोके चक्क मिरवलेली आहेत. हे आवरण आहे, असे भिंत स्वतःच सांगते.

लोसबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. त्याला विटा उघड्या हव्या होत्या, असे काही जण समजतात. तसे नाही. आवरणाबद्दल त्याने त्याच वर्षी वेगळा लेख लिहिला आहे. आवरण असायला त्याची हरकत नाही; ते ज्यावर चढवले त्याच्याशी गल्लत होईल असे नसावे, एवढीच अट. मिखाएलर चौकातल्या त्याच्या स्वतःच्या वादग्रस्त इमारतीचा खालचा भाग हिरवट संगमरवराने मढवलेला आहे. म्हणजे लोसचा मुद्दा शेवटी शिष्टाचाराचा आहे. भाडेकरूने भाडेकरू असण्याची लाज बाळगू नये, पदार्थाने दुसऱ्या पदार्थाचे सोंग घेऊ नये. हा सल्ला फार चांगला आहे. पण तो घरात राहणाऱ्याला दिलेला आहे, घर बांधणाऱ्याला नाही.

कार्ल शॉर्स्की या अमेरिकन इतिहासकाराने १९८० च्या आपल्या ग्रंथात रिंगस्ट्रास आणि तिचे टीकाकार यांवर जो दीर्घ निबंध लिहिला, त्याला तोड नाही, हे आधीच सांगतो. उदारमतवादी वर्गाने सत्ता मिळवली, दगडात आपली मूल्ये कोरली आणि एका पिढीतच ती सत्ता हातची गेली, ही गोष्ट त्याच्याइतकी कोणी समजावलेली नाही. भाड्याच्या घरांचे अर्थकारणही त्याने पाहिले आहे. तरी त्याचे लक्ष मालकाच्या मनात काय चालले होते याकडे आहे. वीट भाजणारा माणूस त्या विवेचनाच्या मध्यभागी येत नाही.

आता त्या विटेकडे वळू. शहराच्या दक्षिणेला वीनरबेर्ग नावाची टेकडी आहे. तिथली माती विटांसाठी उत्तम. आलोइस मीसबाख याने १८१९ पासून तिथे भट्ट्या वाढवत नेल्या. तो वारला १८५७ साली, म्हणजे ज्या वर्षाच्या अखेरीस तट पाडण्याचा हुकूम निघाला त्याच वर्षी, आणि सगळा कारभार भाचा हाइनरिश ड्राशे याच्याकडे आला. असा योग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण नाक मुरडले असते. व्हिएन्नाला आता तटाएवढ्या नव्हे, शहराएवढ्या विटा हव्या होत्या. ड्राशेच्या विटांवर त्याच्या नावाची आद्याक्षरे उमटवलेली असत. जुनी भिंत पाडताना ती अजूनही सापडतात. १८६९ साली धंद्याची भागभांडवली कंपनी झाली.

याच ड्राशेने ऑपेरासमोर स्वतःचे भाड्याचे घर बांधून घेतले. रचनाकार थिओफिल हान्सेन, पुढे ज्याने संसद आणि एफ्रुसी प्रासाद बांधला तोच. घराचे नाव हाइनरिशहोफ. दर्शनी भागावर कार्ल राल याने सोनेरी पार्श्वभूमीवर चित्रे रंगवली होती. शहरातले सर्वांत देखणे भाड्याचे घर म्हणून त्याची ख्याती होती आणि रिंगवरच्या पुढच्या कित्येक घरांनी त्याचा कित्ता गिरवला. विटांचा सम्राट आपल्या घरावर चित्रे, शिल्पे, सोने सगळे लावतो. लावत नाही ती फक्त वीट. लोसच्या सबंध आरोपाला याहून नेमके उदाहरण मिळणार नाही.

रिंगच्या परिसरात उघडी वीट अजिबात नाही असे नाही. फेर्स्टेलने बांधलेल्या कलाउद्योग संग्रहालयावर ती मुद्दाम दाखवलेली आहे. तिथे कारागिरी हाच विषय होता. आणि दुसरीकडे ती दिसते रोसाउच्या लष्करी बराकीवर, लालभडक. जिथे शहरावर बंदूक रोखायची तिथे विटेला गिलावा लागला नाही. हा तपशील टीकाकारांनी फारसा उचलला नाही याचे मला नवल वाटते.

१८८८ च्या डिसेंबरात व्हिक्टर आडलर या डॉक्टराने आपल्या ‘ग्लाइशहाइट’ (म्हणजे समता) या पत्रात वीनरबेर्गच्या भट्ट्यांवर लेख लिहिले. गुपचूप आत शिरून त्याने जे पाहिले ते असे: मजुरी पूर्ण रोखीत मिळत नाही, तिच्याऐवजी पत्र्याचे बिल्ले मिळतात. ते बिल्ले फक्त भट्टीच्या आवारातल्या खाणावळीत आणि दुकानात चालतात. तिथे माल बाहेरच्यापेक्षा महाग आणि वाईट. बिल्ल्यांची ही पद्धत कायद्याने तेव्हाच बंद झालेली होती. एकेका दालनात चाळीस, पन्नास, सत्तर माणसे झोपतात. बायका, मुले, पुरुष सगळे एकत्र. ज्यांना तेवढीही जागा नाही ते उबेसाठी भट्टीवर पडतात. या मजुरांना शहरात हेटाळणीचे एक नाव होते, त्याचा अर्थ ‘विटावाले बोहेमियन’. हे सर्व ड्राशेच्या मृत्यूनंतरचे, कंपनीच्या अमलातले आहे. त्याच्या माथी ते सरसकट मारणे बरोबर होणार नाही. पण विद्यापीठ, संसद, नवे नाट्यगृह ही सगळी कामे नुकतीच पुरी झाली होती, संग्रहालयांची होत आली होती, हे विसरता येत नाही.

आडलरच्या लेखांना कोणी स्थापत्यसमीक्षा म्हणत नाही. ते कामगार चळवळीच्या इतिहासात लावले जातात. झिट्टेचे पुस्तक पुढच्याच वर्षीचे, लोसचा लेख नऊ वर्षे नंतरचा. तिघांचे शहर एक, विषय एक म्हणायला हरकत नाही. तरी ग्रंथालयात त्यांची कपाटे वेगळी. ही विभागणी मला मान्य नाही. घर ही वस्तू समजून घ्यायची तर तिचा दर्शनी भाग जितका वाचायचा तितकीच तिची वीटही वाचायला हवी, आणि वीट वाचणारा त्या काळचा सर्वांत चांगला समीक्षक आडलर होता. लोसने खोट्या दगडाला खोटे म्हटले. आडलरने खोट्या पैशाला खोटे म्हटले. पत्र्याचा बिल्ला हेही एक सोंगच होते, मजुरीचे. या दुसऱ्या सोंगाची किंमत माणसांनी अंगावर मोजली.

इथे कोणी म्हणेल, की जगातल्या कोणत्या भव्य रस्त्याखाली मजुरांचे हाल नाहीत? मग रिंगस्ट्रासलाच का धरायचे? आक्षेप रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की या रस्त्याच्या टीकेने स्वतःच ‘खरे काय आणि खोटे काय’ हा प्रश्न काढला. तो प्रश्न काढून गिलाव्याच्या पोपड्यापाशी थांबणे म्हणजे पंचनामा दारातच उरकण्यासारखे आहे.

रिकामेपणाबद्दलच्या झिट्टेच्या तक्रारीचेही पुढे काय झाले ते पाहावे. २८ नोव्हेंबर १९०५ रोजी सार्वत्रिक मताधिकाराच्या मागणीसाठी व्हिएन्नाचे कामगार काम बंद ठेवून बाहेर पडले. सुमारे अडीच लाख माणसे रिंगस्ट्रासवरून संसदेसमोरून गेली. पुढारी होता आडलर. तोफा आणि घोडदळ धावावे म्हणून जी रुंदी ठेवली, १८७९ साली सम्राटाच्या लग्नाच्या रौप्यमहोत्सवात चित्रकार माकार्टने जिथून ऐतिहासिक पोशाखांची मिरवणूक नेली, तीच रुंदी आता भट्टीवरच्या, गिरणीतल्या, छापखान्यातल्या माणसांनी भरून टाकली. १९०७ च्या निवडणुकीत पुरुषांना सार्वत्रिक मताधिकार मिळाला. झिट्टेच्या मनासारखे चौक बंदिस्त झाले असते, तर एवढी माणसे एका नजरेत दिसली असती का? मला शंका आहे. सौंदर्याच्या दृष्टीने झिट्टेचे बरेचसे बरोबर आहे; त्याच्या पुस्तकावर माझे प्रेमही आहे. पण मोकळ्या जागेची भीती सगळ्यांनाच सारखी वाटत नसावी.

मोकळी जागा कोणाचाच पक्ष घेत नाही, हेही तितकेच खरे. तरुणपणी याच रस्त्याच्या इमारतींसमोर तासन्‌तास उभा राहणारा, आणि पुढे आत्मचरित्रात त्याची अरबी कथांतल्या जादूशी तुलना करणारा एक अयशस्वी चित्रकार, १९३८ च्या मार्चमध्ये परत आला तेव्हा रिंगलगतचे हेल्डेनप्लाट्झ असेच गच्च भरले होते. त्याच सुमारास एफ्रुसी प्रासादाचे दार ठोठावले गेले. एडमंड डी वाल याने आपल्या घराण्याच्या त्या वास्तूची कथा २०१० साली लिहिली आहे. त्या पुस्तकात संगमरवर आणि सोनेरी छत यांची वर्णने आहेत, आणि ती वाचताना लोसचा उपहास प्रथमच अपुरा वाटतो. ज्यांना आपण सोंग घेणारे नवश्रीमंत म्हणून हसलो, त्यांच्यासाठी ते सोंग नव्हते. या शहराचे आपण आहोत, असा तो दगडात दिलेला अर्ज होता. तो नामंजूर झाला. रस्त्याच्या एका भागाला ज्यूद्वेष हेच राजकारण करणारा महापौर कार्ल लुएगर याचे नाव होते. ते काढून विद्यापीठाचे नाव द्यायला २०१२ साल उजाडावे लागले.

हाइनरिशहोफ आज नाही. १९४५ च्या बाँबहल्ल्यात तो ऑपेरासारखाच होरपळला. ऑपेरा पुन्हा उभा राहिला, ड्राशेचे घर पन्नाशीच्या दशकात पाडले गेले आणि तिथे एक सपाट, नक्षी नसलेली कचेऱ्यांची इमारत आली. दर्शनी भागावर सोंग म्हणून काही नाही. लोसच्या नजरेने पाहिले तर आक्षेपार्ह काहीच नाही. ऑपेराला येणारे प्रवासी तिच्याकडे पाठ करून फोटो काढतात.

वीनरबेर्गवरची माती उकरून उकरून जे खड्डे पडले, त्यांत पुढे पाणी साचले. आता तिथे तळे आणि झाडी आहे. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या वस्त्यांतले लोक मुलांना आणि कुत्र्यांना घेऊन त्याच्या काठाने फिरायला येतात.